बघंल की

चैत्र लागला की माझ्या टेबलावर रजेचे अर्ज साचायला लागतात. एरवी वर्षभर माणसं रजेसाठी डोकं चालवतात. कुणाचं पोट दुखतं, कुणाची मोटारसायकल बंद पडते, कुणाच्या चुलत्याच्या सासऱ्यांचं तेरावं निघतं. चैत्रात कुणी तेवढे कष्ट घेत नाही. सगळ्या अर्जांवर एकच शब्द असतो, 'जत्रा'. पुढे गावाचं नाव आणि वार. अर्ज ठेवणारा हात टेबलावरून लगेच मागे जात नाही. ''मंजूर कराच म्याडम, आन तुमी बी यायचं हाय,'' असं म्हणून मगच माणूस हलतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी उत्साहाच्या भरात आठ अर्ज नामंजूर केले होते. त्या दिवशी आठहीजण आले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर आठ डबे पुरणपोळीचे होते. तेव्हापासून मी मुकाट्यानं सही करते.

यंदा गठ्ठ्यात एक अर्ज कमी आहे. दरवर्षी मी तो मुद्दाम शेवटी वाचायची, ताटातला गोड घास शेवटाला ठेवावा तसा. त्यावर लिहिलेलं असायचं: 'कारण, जत्रा. ता. क. लेथवाल्यांनीही त्याच दिवशी रजा मागितल्यास तो निव्वळ योगायोग समजावा.' खाली सही, हिंदुराव, तपासणी विभाग.

आमचा कारखाना उचगावच्या पुढे, रस्त्याला लागून. एका बाजूला भट्टी, तिथं लोखंड ओततात. दुसऱ्या बाजूला मशीन शॉप, तिथं त्या ओतीव तुकड्यांना कापून-कोरून पंपाच्या बॉड्या होतात. मधे पत्र्याची एक खोली, तिच्यात मी. पूर्वी दारावर 'पर्सोनेल' असं लिहिलेलं होतं, आता 'एचआर' आहे. कामगारांच्या दृष्टीनं दोन्हींचा अर्थ 'म्याडमची खोली' असाच. मी मूळची शिरोळकडची, जैन घरातली. आमच्या घरात आईला अव्वा म्हणतात आणि धाकट्या काकूला चिगव्वा. दिवस मावळला की चूल बंद. अशा घरातून मी मटणाच्या जत्रांच्या मुलखात माणसं सांभाळायला आले, यातच निम्मी गंमत आहे.

जत्रेच्या दिवसांत मला एक नाद लागला, तो अजून सुटलेला नाही. कोण कुणाच्या घरी जेवायला जातं, ते बघत राहायचं. ऑफिसच्या भिंतीवर एक तक्ता आहे, चौकटी आणि रेघा असलेला. सगळ्यात वर मॅनेजर, खाली सुपरवायझर, त्याखाली बाकीचे. त्या तक्त्याप्रमाणं कारखाना चालतो असं तक्ता करणाऱ्याला वाटत असेल. पण चैत्रात दुसराच तक्ता दिसायला लागतो. भट्टीवरचा एक साधा माणूस, त्याच्या अंगणात सुपरवायझरसकट चाळीसजण मांडी घालून बसतात. आणि एका मोठ्या हुद्द्यावरच्या साहेबांच्या घरी फक्त त्यांचा ड्रायव्हर जातो. कुणाच्या शब्दावर मशीन बंद पडेल आणि कुणाच्या शब्दावर सुरू होईल, हे मला त्या पंगतींनी जेवढं शिकवलं तेवढं कॉलेजच्या पुस्तकांनी नाही.

हिंदुराव आणि तानाजीमामांकडे माझं लक्ष गेलं तेही एका पंगतीपासूनच, पण डब्याच्या. दुपारच्या सुट्टीत दोघं एकाच बाकावर बसायचे, एकमेकांकडे पाठ करून. बाक चांगला लांब होता. कुठंही बसता आलं असतं. पण पाठी जवळजवळ लागतील इतक्या अंतरावर बसून दोघं दोन दिशांना बघत भाकरी खायचे. मला वाटलं गरम होत असेल, वारं कुठून येतं ते बघत असतील. चौकशी केली तेव्हा कळलं की दोन वर्षं झाली, त्यांचा अबोला आहे.

आता हे दोघं काय काम करतात ते सांगायला हवं. तानाजीमामा लेथवर पंपाच्या बॉडीत भोक कापायचे. हिंदुराव शेजारच्या टेबलावर ते भोक तपासायचे. तपासायचं साधन म्हणजे गेज, एक गुळगुळीत पोलादी दांडा. त्याचं एक टोक भोकात अलगद जायला हवं आणि दुसरं टोक अजिबात जाता कामा नये. पहिलं गेलं नाही तर भोक लहान, दुसरं गेलं तर भोक मोठं. करणारा आणि त्याची चूक काढणारा, दोघं हाताच्या अंतरावर, दिवसाचे आठ तास. आणि बोलणं नाही.

मग चालायचं कसं? खडूनं. हिंदुरावांच्या खिशात कायम खडूचा तुकडा असे. भोक लहान राहिलं तर बॉडीवर एक उभी रेघ, म्हणजे अजून एकदा कापून घ्या. मोठं झालं तर गोल, म्हणजे गेली कामातून. दोन आडव्या रेघा म्हणजे तुमचं हत्यार बोथट झालंय, बदला. तानाजीमामांनाही उत्तर द्यायचा हक्क होता. त्यांना निकाल पटला नाही तर ते गोलाच्या आत एक टिंब काढून बॉडी परत पाठवत. मग हिंदुराव पुन्हा गेज लावत, आणि बहुतेक वेळा टिंबाभोवती आणखी एक गोल काढत. मी कितीतरी वेळ खिडकीतून ते बघत उभी राहायची. एक शब्द न बोलता दोन माणसं कडाकडा भांडत होती, आणि काम घड्याळासारखं चाललं होतं.

तोंडानं बोलायची वेळ आलीच तर काय व्हायचं, तेही एकदा ऐकलं. जड बॉड्यांची ट्रॉली मागून येत होती आणि तानाजीमामांचं लक्ष नव्हतं. हिंदुराव ओरडले, ''ओ पावणं, सरका की बाजूला!'' मामा सरकले, ट्रॉली गेली. पण सगळ्या शॉपनं माना वर करून बघितलं. आमच्याकडे 'पावणं' कुणाला म्हणतात? एसटीत शेजारी बसलेल्याला, रस्ता विचारणाऱ्याला, ज्याचं नाव-गाव ठाऊक नाही त्याला. एका गावचे, एका आठवड्यात कामाला लागलेले, वीस-बावीस वर्षं एका मोटारसायकलवरून आलेले दोघे, त्यातला एक दुसऱ्याला पावणं म्हणतो. शिवी दिली असती तर मामांना बरं वाटलं असतं.

भांडणाचं कारण शोधायला मला फार दिवस लागले नाहीत, कारण ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. हिंदुरावांच्या मुलीचं लग्न होतं. त्यांनी पत्रिकेचा फोटो काढून कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. सगळ्यांना टाकला तसा तानाजीमामांनाही. बाकी सगळे लग्नाला गेले, मामा गेले नाहीत. ''आवतान द्याला दारात याला नगं?'' मामा मला म्हणाले. ''हिकडनं तिकडं चार घरं हायत. फोनवर काय, इलेक्शनचं बी आवतान येतंय.'' मी हिंदुरावांना विचारलं. ते म्हणाले, ''घरच्या मानसाला आवतान द्यायचं आसतंय व्हय? त्येनं तर मांडव घालाय याला पायजे होता.'' दोघांचंही मला पटलं. एकजण दुखावला कारण त्याला परक्यासारखं वागवलं, दुसरा दुखावला कारण ह्यानं स्वतःला परकं मानलं. हे कुठल्या रकान्यात लिहायचं, ते माझ्या पुस्तकात नव्हतं.

पुस्तकात एवढंच होतं की कामाच्या ठिकाणचा बेबनाव वाईट, तो वेळीच मिटवावा. मी तेव्हा नवी होते. विहिरीत पडलेली बादली दिसली की काढायला धावणाऱ्यातली. आमचे मॅनेजर जोशीसाहेब म्हणाले, ''काम व्यवस्थित चाललंय ना? मग कशाला हात घालता?'' मला तो अगदी निर्दय माणूस वाटला.

चैत्रात त्यांच्या गावची जत्रा आली आणि दोघांनीही मला जेवायला बोलावलं. वेगवेगळं, आणि हो, दोघंही माझ्या खोलीच्या दारात येऊन. हिंदुराव म्हणाले, ''तुमची चूल येगळी मांडतोय म्याडम, भांडी बी नवी आनलीत.'' तानाजीमामांनीही तेच सांगितलं, वर म्हणाले, ''आन दिस बुडायच्या आत ताट. आमास्नी ठावं हाय.'' अबोला सुरू झाल्यापासून सगळ्या कारखान्यापुढे हाच पेच असायचा. निम्मे ह्या घरी जेवायचे, निम्मे त्या घरी, आणि काही सज्जन दोन्हीकडे जेवून दुसऱ्या दिवशी आजारी पडायचे.

मी संध्याकाळी पाचच्या सुमाराला पोचले. गल्लीत मसाल्याचा वास भरून राहिला होता. समोरासमोरच्या बाजूंना चार घरांच्या अंतरानं दोघांची घरं. दोन्ही दारांत माणसं उभी. मी गल्लीच्या मधोमध गाडी लावली आणि सांगून टाकलं, ''मी एकाच घरात जेवणार. दोघं एका पंगतीला बसणार असाल तर. नाहीतर उपाशी परत जाणार.'' बोलताना धीट वाटत होतं. पण कुणीच हललं नाही. जत्रेच्या दिवशी दारातून माणूस उपाशी जाणं ही केवढी नामुष्की, हे मी हिशेबात धरलं होतं. माझा सूर्य कुणासाठी थांबणार नाही, हे मात्र धरलं नव्हतं.

ऊन घरांच्या कौलांवर चढत गेलं. बायका पदराआडून बघत होत्या. एक म्हातारी मोठ्यांदा म्हणाली, ''आगं पोरीचा घास बुडतोय, काय दगडं हायसा का मानसं?'' तानाजीमामा उंबऱ्यावर बसून पश्चिमेकडे बघत होते. हिंदुराव आत गेले. मला वाटलं, संपलं. मी खरोखरच गाडीची किल्ली काढली. तेवढ्यात ते बाहेर आले, डोक्याला टोपी घालून, हातात हळद-कुंकवाचा करंडा आणि तांदळाची वाटी घेऊन. गल्ली ओलांडून गेले, मामांच्या उंबऱ्यासमोर उभे राहिले, आणि दोन वर्षं उशिरा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ''तान्या, दारात आलोय बघ. पोरीच्या लग्नाला ये. आन आता जेवायला चल, म्याडमचा दिस बुडाय लागलाय.''

मामा हसले का रडले ते मला कळलं नाही, कारण मी स्वतःच रडत होते. माझं ताट वाढलं तेव्हा कौलावर बोटभर ऊन उरलं होतं. अख्खा मसूर, भात आणि पोळी. इतकं गरम की जीभ पोळली, पण मी घाईघाईनं जेवले. समोर दोघं मांडीला मांडी लावून बसले होते आणि तिसऱ्यांदा रस्सा घेत होते.

दुसऱ्या दिवसापासून एक मोटारसायकल. बाकावर तोंडासमोर तोंड. लेथच्या आवाजावर मात करून दोघांच्या गप्पा, दोन वर्षांच्या साचलेल्या. मी महिन्याच्या अहवालात एक परिच्छेद खर्ची घातला, माझ्याविषयी फारच नम्र असा. खडू कुणाला लागेनासा झाला. मला आठवतं, एकदा मी तिथून जात असताना हिंदुराव बॉडी हातात घेऊन गेज शोधत होते. गप्पांत गेज सापडलं नाही. त्यांनी बॉडी तशीच पलीकडे ठेवली आणि मला म्हणाले, ''तान्यानं केलंय न्हवं? मग बरूबरच आसनार.'' मला फार छान वाटलं. आणि एका दुपारी मामांच्या लेथवरच्या नव्या मदतनीसानं विचारलं, मामा, हत्यार बदलायचं का? मामा म्हणाले, ''चालू दे. काय आसलं तर हिंद्या बघंल की.''

बघंल की. हा 'की' आमच्याकडे सगळीकडे लागतो, भाताला मीठ लागतं तसा. त्याचा अर्थ कुठल्या तोंडातून आला त्यावर ठरतो. अबोल्याच्या दिवसांत मामा पहाटे उठून हत्यारांना धार लावून ठेवायचे, कारण 'त्यो बघंल की', म्हणजे त्याच्या नजरेतून काही सुटायचं नाही, त्याला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. समेटानंतरही शब्द तेच होते, 'त्यो बघंल की'. आता त्याचा अर्थ झाला होता, मला बघायची गरज नाही.

पावसाळा लागता लागता एक ट्रक बॉड्या परत आल्या. बाहेरच्या राज्यातलं जुनं गिऱ्हाईक. भोक केसभर मोठं, एकात नाही, कितीतरी बॉड्यांत. जोशीसाहेबांनी चौकशी लावली. माझ्या खोलीत, माझ्यासमोर. ''शेवटची तपासणी कुणाची?''

''माजी,'' हिंदुराव म्हणाले. ''लिवून घ्या.''

''भोक मी मारलंय,'' तानाजीमामा मधेच म्हणाले. ''त्येचा काय संबंध?''

''सही माजी हाय.''

''सही काय भोक मारती व्हय?''

''तू गप रे! सायेब, त्येचं आयकू नगा. गेज लावायचं काम माजं.''

''आन हत्यार बदलायचं काम कुनाचं?''

अशी चौकशी मी पुन्हा कधी पाहिली नाही. आरोपी दोन, आणि दोघंही आरोप दुसऱ्याला द्यायला तयार नाहीत. दोन महिन्यांपूर्वी हीच चौकशी असती तर दोघांनी एकमेकांवर ढिगानं पुरावे दिले असते. जोशीसाहेब दोघांना बाहेर पाठवून मला म्हणाले, ''नियमानं बघितलं तर तपासणारा जबाबदार. हिंदुरावला कमी करायचं पत्र तयार ठेवा. महिन्याभरानं गिऱ्हाईकाचा माणूस येईल. तेव्हा पुन्हा तेच निघालं तर पत्र द्यायचं.'' मी पत्र टाइप केलं. सात वर्षं नोकरी उरलेल्या माणसाचं पत्र फक्त पाच ओळींचं झालं. ते ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि ड्रॉवर उघडायची मला भीती वाटायला लागली. त्याचं खरं कारण मला माहीत होतं आणि ते दुसऱ्या कुणाला सांगता येत नव्हतं. ती चूक माझी होती. मी मसूर खाऊन ती केली होती.

घरी गेल्यावर अव्वाला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ''आपल्या घरात दूध कवा उतू गेलं, आठवतंय का?'' मला आठवलं. मी लहान असताना अव्वा आणि चिगव्वाचं वर्षभर बोलणं बंद होतं. त्या वर्षात चुलीवरचं काही करपलं नाही, कशाचा डबा रिकामा झाला नाही. दोघी डोळ्यांत तेल घालून एकमेकींच्या चुका शोधत होत्या. मग कुणाच्यातरी मध्यस्थीनं गोडी झाली, आणि त्याच दिवशी सगळं दूध उतू गेलं. अव्वाला वाटलं चिगव्वाचं लक्ष आहे, चिगव्वाला वाटलं अव्वाचं. ''मग काय केलंत?'' मी विचारलं. ''काय करतेस? भांडलो न्हाय. पर त्या दिसापास्नं ठरवलं, दूध तापाय ठिवलं की एकमेकीसंगं बोलायचं न्हाय.''

मी हे कारखान्यात कुणाला बोलले नव्हते. म्हणूनच चार दिवसांनी दोघं टोप्या हातात घेऊन माझ्या खोलीत आले तेव्हा मी चकित झाले. तानाजीमामा जमिनीकडे बघत होते. हिंदुराव म्हणाले, ''म्याडम, एक इनंती हाय. आमास्नी परत आबोला धराय परवानगी द्या.''

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

''कायमचा न्हाय,'' मामा घाईनं म्हणाले. ''आट ते साडेचार. गेटात आलं की बंद, गेटाभाईर गेलं की चालू. बोलाय लागलं की ह्येच्या तोंडाकडं बघून मला खोटं काय दिसतच न्हाय.''

''आन मला,'' हिंदुराव म्हणाले, ''त्येचं भोक मोठं झालंय आसं म्हनाय जीभ रेटत न्हाय. खडू रेटतोय.''

मी परवानगी दिली. कुठल्या नियमाखाली दिली ते आजही मला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक मोटारसायकल गेटपर्यंत आली, दोघं उतरले, मागच्यानं पुढच्याच्या पाठीवर थाप मारली, आणि गेटाच्या आत पाऊल टाकल्यावर दोघं दोन अनोळखी माणसांसारखे चालायला लागले. बाकावर पुन्हा पाठीला पाठ. दहा वाजेपर्यंत पहिला गोल निघाला. अकरा वाजता त्यात टिंब आलं. मी खिडकीत उभी राहून देवाला हात जोडले, कुठल्या ते नीट ठरवलंही नाही.

महिन्यानं गिऱ्हाईकाचा माणूस आला. त्यानं दोन दिवस गेज लावलं, काही सापडलं नाही. त्याच्याकडे एक फॉर्म होता. एक रकाना, 'चूक का झाली?' दुसरा, 'पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं?' पहिल्यात 'जत्रा' असं लिहायचा मला फार मोह झाला. शेवटी लिहिलं, 'करणारा आणि तपासणारा यांच्यातलं अंतर कमी झालं होतं.' दुसऱ्यात लिहिलं, 'अंतर पूर्ववत केलं.' त्यानं वाचलं, मान डोलावली आणि सही केली. ''हे खडूचं काय आहे?'' एवढंच त्यानं विचारलं. मी म्हटलं, ''आमची जुनी पद्धत आहे.'' तो गेल्यावर मी ड्रॉवर उघडला आणि ते पाच ओळींचं पत्र फाडलं.

त्याला सात वर्षं झाली. या सात वर्षांत मी पुष्कळ ठिकाणी हात घालायचं सोडलं, हे मला स्वतःलाच कळतं. कुठं दोन माणसं कुरकुरताना दिसली की आधी बघते, ह्या कुरकुरीवर काय उभं आहे? कधी काहीच नसतं, नुसता त्रास असतो, तो मिटवावाच लागतो. मी मिटवतेही. पण कधी कुरकुर काढली की छप्पर खाली येतं. कोणती कुठली, हे आधी ओळखायची युक्ती मला अजून सापडलेली नाही. त्या दोघांत प्रेम होतं म्हणून काम बिघडलं, असं म्हणायचं का? मग अबोला धरायची परवानगी मागायला एकत्र आले, ते कशापायी? मला वाटतं, एकमेकांवर डोळे मिटून विसंबणं सोपं. ज्याच्यावर जीव आहे त्याचंच काम रोज सकाळी परक्याच्या नजरेनं बघायचं, हे अवघड. मी तर माझ्या बहिणीच्या हातच्या भाकरीलाही कधी गेज लावू शकले नाही, आणि त्या भाकरी जाड असतात.

मार्चअखेरीला हिंदुराव निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी मामांची एक बॉडी बाद केली. भला मोठा गोल. मी मुद्दाम जाऊन गेज लावून बघितलं. नको ते टोक सरळ आत गेलं. त्या गोलात मामांनी टिंब काढलं नाही.

निरोपाचा कार्यक्रम मी चार वाजता कँटीनमध्ये ठेवला. शाल, श्रीफळ, फेटा. जोशीसाहेब केव्हाच बदलून गेले होते, नवे मॅनेजर चांगलं बोलले. मग मी माइकवर जाहीर केलं, ''आता त्यांचे मित्र तानाजीमामा दोन शब्द बोलतील.'' मामा उठले, माइकपाशी आले, आणि उभे राहिले. एक शब्द नाही. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मीही बघितलं. चार वाजून चोवीस मिनिटं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि कान तापले. आठ ते साडेचारच्या आत मी त्यांना बोलायला उभं केलं होतं.

नव्या मॅनेजरनी माझ्याकडे वाकून विचारलं, ''भावना अनावर झाल्या वाटतं?'' मी मान हलवली. बाकी कँटीनमध्ये कुणीही चुळबुळ केली नाही. भट्टीवरचे, मशीनवरचे, गेटवरचे, सगळे त्या घड्याळाकडे बघत बसले. हिंदुराव गळ्यात हार घालून मांडीवरच्या नारळाकडे बघत होते. सहा मिनिटं किती लांब असतात.

भोंगा झाला. मामांनी माइक बाजूला सारला.

''हिंद्या,'' ते म्हणाले, ''उद्यापास्नं कोन बघंल रं?''

हिंदुराव उठले. शाल सावरत खिशात हात घातला, खडूचा तुकडा काढला आणि मामांच्या तळहातावर ठेवला.

''तूच बघ की,'' ते म्हणाले. ''मी आता पावणा.''